पांढऱ्या उतारावर पाऊल टाकण्याआधी

गुलमर्ग, औली, केदारकंठा. हिवाळ्यात मराठी मंडळी आता बर्फ नुसता पाहायला जात नाहीत, त्यात चालायला आणि घसरायलाही जातात. सह्याद्रीतल्या ट्रेकरला दरड ओळखीची असते. हिमस्खलनाची रीत मात्र वेगळी आहे, आणि त्याविषयीच्या आपल्या बऱ्याच समजुती सिनेमातून आलेल्या आहेत. डोंगरात त्या जिवावर बेततात.

गैरसमज : मोठ्याने ओरडलं की हिमस्खलन होतं.

वस्तुस्थिती : बर्फाचा थर मोडायला हाकेतला जोर फारच अपुरा असतो. उतार सुटतो तो भाराने. डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक बर्फवृष्टीचा नवा थर जुन्यावर बसतो. मधल्या एखाद्या थराचे कण साखरेसारखे सुटे असले, तर वरचा घट्ट थर त्यावर नुसता टेकून राहतो. ताज्या बर्फाचं ओझं वाढलं किंवा माणसाचं वजन पडलं की तो कच्चा थर मोडतो, तडा क्षणात पसरतो आणि वरचा अख्खा थर लादीसारखा निसटतो. चालताना पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा पावलापासून बर्फाला तडे गेले, तर तिथूनच मागे फिरावं.

गैरसमज : हिमस्खलन दैवाने अंगावर येतं.

वस्तुस्थिती : स्की किंवा गिर्यारोहण करताना हिमस्खलनात बळी गेलेल्यांपैकी दहातल्या सुमारे नऊ जणांच्या बाबतीत तो उतार त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सोडवलेला असतो. हे ऐकायला कठोर वाटतं, पण यातच आशा आहे. बहुतेक अपघात आपल्या निर्णयाने टळू शकतात.

गैरसमज : बर्फ थांबला, ऊन पडलं, आता धोका नाही.

वस्तुस्थिती : मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले २४ ते ४८ तास सर्वांत धोक्याचे असतात, आणि नेमकं तेव्हाच निळं आकाश आपल्याला बाहेर बोलावतं. आकाश मोकळं असलं तरी वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूच्या उतारावर रचत राहतो. कच्चा थर खोलवर दडलेला असेल, तर तो कित्येक आठवडे तसाच राहू शकतो.

गैरसमज : धोका फक्त उभ्या कड्यांवर असतो.

वस्तुस्थिती : बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. घरातल्या जिन्याचा चढ साधारण ३० अंशांचा असतो, त्यावरून अंदाज यावा. अगदी उभ्या कड्यावरून बर्फ थोडाथोडा गळत राहतो, साठत नाही. मोबाइलमधल्या कोनमापकाने उतार मोजता येतो. आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावर काय आहे ते पाहावं. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर सात पर्यटक दगावले. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा इथे रस्त्याच्या कामावरच्या मजुरांची छावणी गाडली गेली. ५४ पैकी आठ जणांचा जीव गेला.

गैरसमज : आधीच कुणाची पावलं उमटली आहेत, सोबत अनुभवी माणूसही आहे. मग भीती कसली?

वस्तुस्थिती : पहिला माणूस सुखरूप गेला आणि दहाव्याच्या पावलाखाली उतार सुटला, असंही घडतं. कच्च्या थरावर नेमकं कुणाचं पाऊल पडेल, हे वरून दिसत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडातल्या ‘द्रौपदी का डांडा’ शिखरावर गिर्यारोहणाचं शिक्षण घेणारे आणि देणारे मिळून २५ हून अधिक जण गेले. गुलमर्गच्या अफरवाट भागात फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीपटू मृत्युमुखी पडले.

गैरसमज : गाडलो गेलो तरी उकरून बाहेर येऊ, नाहीतर बचावपथक येईलच.

वस्तुस्थिती : वाहून आलेला बर्फ थांबताच घट्ट होतो, बोटही हलवता येत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक जण वाचतात, त्यानंतर शक्यता झपाट्याने घटते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनमध्ये लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले. देशाने ते अचंब्याने पाहिलं, कारण असं सहसा घडत नाही. तेही पुढे वाचले नाहीत. बाहेरची मदत वेळेत पोहोचणं दुर्मीळ. वाचवतो तो शेजारचा सोबती. म्हणून प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याचा माग लावणारं रेडिओ-यंत्र), शोधकाठी आणि फावडं हवं, ते वापरण्याचा सराव हवा, आणि धोक्याचा उतार एकेकाने ओलांडायला हवा.

निघण्याआधी चंदीगडच्या ‘डीजीआरई’ या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा पाहावा आणि स्थानिक वाटाड्या नको म्हणाला तर त्याचं ऐकावं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलं की आपण काठावरच थांबतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ओढा निदान गर्जून सांगतो. भरलेला हिमउतार गप्प आणि सुंदर असतो, म्हणून तिथे थांबायचं कधी, हे आपणच आधी ठरवून जावं लागतं.