जाम झालेले इंजिन : उतरवण्याआधी सोडवून पाहा



या पानावर मी नेहमी बेणे, खतमात्रा आणि खोडव्याबद्दल लिहितो. आज लोखंडाबद्दल लिहितो आहे, याचे काही जणांना नवल वाटेल. पण ऊस कितीही चांगला आला तरी तो गव्हाणीत पडेपर्यंत आपला नाही. वाहतुकीचा ट्रॅक्टर ऐन हंगामात बंद पडला, की तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटते, टोळी बसून राहते आणि घेतलेली उचल अंगावर येते. म्हणून हा विषयही ऊस विकासाचाच समजावा.

मी कृषी पदविकेचा माणूस, मिस्त्री नव्हे. पण एक इंजिन आम्ही आमच्या हाताने मोडले आणि दुसरे वाचवले. त्या दोन्हींतून जे कळले ते सांगतो.

आमची चूक

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या आमच्या गावी थोरल्या बंधूंचा ट्रॅक्टर चार दिवस पाण्यात होता. पाणी उतरल्यावर चिखल धुतला, दुसरी बॅटरी लावली आणि सेल्फ मारला. ‘टक्’ आवाज झाला, इंजिन हलेना. मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पुढे जोडला, साखळी लावली आणि गिअरमध्ये टाकून ओढला. दहा पावलांवर मोठा आवाज झाला. कनेक्टिंग रॉड वाकून तुटला होता आणि ब्लॉकला मुठीएवढे भोक पडले होते. इंजिन गेले, आणि तो हंगामही गेला.

आमच्या गॅरेज विभागातील जुन्या मिस्त्रींनी बघितले आणि एवढेच म्हणाले, “सायेब, हवा दबती, पानी दबत न्हाई. मग लोखंड वाकतंय.”

सगळा विषय या एका वाक्यात आहे. डिझेल इंजिनात पिस्टन वर येताना हवा साधारण सतरा-अठराव्या हिश्श्यात दाबली जाते. त्या जागी पाणी भरलेले असेल तर ते दबणार नाही. पिस्टन वर जाऊ शकत नाही आणि मागून जोर चालूच असतो, तेव्हा मधला रॉड बळी पडतो. आमचे इंजिन पुराने मोडले नव्हते, आमच्या घाईने मोडले होते.

जाम कशामुळे ?

इंजिन जाम होण्याची कारणे मुख्यतः चार. उपाय करण्याआधी कारण ओळखावे.

पहिले, सिलिंडरात पाणी शिरणे. दुसरे, गंज. पाण्यात राहिलेले किंवा वर्षानुवर्षे गोठ्यामागे उभे असलेले इंजिन असेल तर रिंगा लायनरला गंजाने धरतात. तिसरे, तापणे. रेडिएटर कोरडा पडला की पिस्टन फुगून लायनरला घासतो. पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो आणि ते बिडापेक्षा सुमारे दुप्पट प्रसरण पावते. असे इंजिन थंड झाल्यावर कधी आपोआप फिरते, पण लायनरवर ओरखडे राहतात. चौथे, ऑइल संपणे. यात बेअरिंग क्रँकला चिकटते.

पाणी आणि गंज या दोन प्रकारांत सोडवण्याला अर्थ आहे. चौथ्या प्रकारात जोर लावून फिरवले तरी क्रँकचे काम चुकत नाही. बंद पडण्याआधी खालून ठोकल्यासारखा आवाज येत होता आणि चेंबरच्या ऑइलमध्ये धातूची चकाकी दिसते, तर वेळ घालवू नये, इंजिन उघडावे.

उतरवण्याआधी का सोडवावे ?

‘नाहीतरी इंजिन काढायचंच आहे, मग सोडवायचं कशाला?’ असे पुष्कळ जण विचारतात. याला तीन कारणे आहेत.

एक, बहुतेक ट्रॅक्टरांत इंजिन हाच सांगाड्याचा भाग असतो. पुढे आक्स, मागे गिअरबॉक्स. इंजिन काढणे म्हणजे ट्रॅक्टर मधोमध दोन तुकडे करणे. जे काम चार दिवसांच्या मुरवणीने टळू शकते, त्यासाठी एवढा उद्योग करू नये.

दोन, काही सभासदांकडे आता आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारी आहेत. त्यांत टॉर्क कन्व्हर्टर इंजिनच्या पातळ चकतीला बोल्टने जोडलेला असतो. छोट्या झरोक्यातून एका वेळी एकच बोल्ट हाताशी येतो, पुढचा आणण्यासाठी क्रँक फिरवावा लागतो. इंजिन जाम असेल तर बोल्ट सुटत नाहीत आणि इंजिन-गिअरबॉक्स अखंड बाहेर काढण्याची पाळी येते. अशा गाडीत थोडे फिरण्यापुरते सोडवले तरी मोठे काम होते.

तीन, जुने इंजिन बदलीत देताना फिरणाऱ्या इंजिनाला जी किंमत मिळते ती जाम इंजिनाला मिळत नाही.

सोडवण्याची रीत

१) बॅटरीची वायर प्रथम काढावी. सेल्फ मारू नये, ढकलू नये, ओढू नये. विमा असेल तर काहीही उघडण्यापूर्वी कंपनीला कळवावे आणि फोटो काढून ठेवावेत.

२) जाम इंजिनच आहे का, हे पाहावे. गिअर न्यूट्रलला टाकावा, पी.टी.ओ. सोडवावा. फॅनबेल्ट काढून डायनामो आणि पाण्याचा पंप हाताने फिरवून बघावा. कधी दोष तिथेच निघतो. पुरातल्या ट्रॅक्टरात क्लच प्लेटही गंजून फ्लायव्हीलला चिकटते. इंजिन फिरते पण गिअर पडत नाही, तर तो क्लचचा दोष, इंजिनचा नव्हे.

३) चेंबरचा नट सैल करावा. पाणी जड, ते तळाशी असते, म्हणून आधी पाणी येईल, मग ऑइल. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी मिसळले असे समजावे. सगळे काढून टाकावे. एअर क्लीनर आणि डिझेल टाकी रिकामी करून धुवावी.

४) सर्व नोझल काढावेत. पाइपांची तोंडे स्वच्छ प्लॅस्टिकने बांधावीत, डिझेल पंपात मातीचा कण जाता कामा नये. सिलिंडरातले पाणी नळीने ओढून घ्यावे.

५) नोझलच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरात अर्धा कप डिझेल आणि पातळ ऑइल समभाग ओतावे. पॉवर स्टेअरिंगचे लाल तेल मिळाले तर ऑइलऐवजी तेही चालते. भोकांवर स्वच्छ फडके झाकावे आणि मुरू द्यावे. रोज तारेने पातळी पाहावी. उतरली असेल तर तेल रिंगांतून झिरपते आहे, हे चांगले लक्षण. पुन्हा तेवढेच घालावे. पाचट एका रात्रीत कुजत नाही, तसा गंजही एका रात्रीत सुटत नाही. चार ते सात दिवस धीर धरावा. खालून जाळ करून तापवण्याचा उद्योग कोणीही करू नये, आणि जवळ विडी पेटवू नये.

६) तिसऱ्या दिवसापासून रोज दोन वेळा हलवून बघावे. पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून थोडे पुढे, थोडे मागे करावे. पान्याला लांब पाइप घालून लोंबकळू नये, नट तुटतो. त्यापेक्षा सेल्फ उतरवून त्या तोंडातून फ्लायव्हीलच्या दातांना पहारीने हलका नेट द्यावा. एक दात सरकला तरी जिंकलो. पुन्हा तेल घाला, पुन्हा मागे आणा. जिथे अडते तिथे रेटू नका. टायमिंगला रबरी पट्टा असलेल्या मोटारीत मात्र इंजिन उलटे फिरवू नये.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्या वेळी बंधूंनी घेतलेला दुसरा ट्रॅक्टर परत पाण्यात सापडला. आम्ही वरील रीत पाळली. चौथ्या दिवसापर्यंत काही हलले नाही. वहिनी म्हणाल्या, “भावजी, ह्याचाही नाद सोडा आता.” पाचव्या दिवशी सकाळी पहारीखाली दोन दात सरकले. संध्याकाळी पूर्ण फेरा झाला.

सुटल्यावर घाई नको

पूर्ण फेरा झाला म्हणजे इंजिन चालू करायचे, असे नव्हे. नोझल बाहेरच ठेवून हाताने दहा-वीस फेरे द्यावेत, मग बॅटरी जोडून सेल्फने थोडे फिरवावे. भोकांतून तेल-पाणी जोरात उडते, तेव्हा समोर तोंड नेऊ नये. ते सगळे बाहेर आल्याखेरीज नोझल बसवू नयेत. नाहीतर पाण्याऐवजी तेलानेच रॉड वाकेल.

चेंबरात झिरपलेले डिझेल काढून नवे ऑइल आणि नवा फिल्टर घालावा. हे विसरल्यास इंजिन ते पातळ तेल ओढून घेऊन बेफाम पळू शकते. नोझल तपासून, खालचे तांब्याचे वॉशर नवे घालून बसवावेत, डिझेलची एअर काढावी. गिअरबॉक्स आणि मागच्या हौसिंगचे ऑइलही बदलावे. चालू झाल्यावर ऑइलचा काटा पाहावा, काटा न उठल्यास लगेच बंद करावे. थोडा वेळ चालवून ऑइल पुन्हा एकदा बदलावे.

निळा धूर, कमी ताकद किंवा ठोका असेल तर रिंगा-लायनरचे, म्हणजे हाफ इंजिनचे काम निघेल. तेही पूर्ण इंजिन बदलण्यापेक्षा स्वस्तच.

नाहीच सुटले तर

आठ-दहा दिवसांत दातही सरकला नाही तर हेड उतरवावे. कोणत्या सिलिंडरात धरले आहे ते डोळ्यांनी दिसते. पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोकावे, हातोडा थेट मारू नये. ब्लॉकला तडा किंवा क्रँक निकामी असेल तरच इंजिन बदलण्याचा विचार करावा.

बदली इंजिन घेताना ते आपल्यासमोर हाताने फिरवून घ्यावे, चेंबरचे ऑइल बघावे, आपल्या गिअरबॉक्सला बसणारे आहे याची खात्री करावी. पावती घ्यावी. इंजिनचा क्रमांक नोंदणी पुस्तकात असतो, म्हणून परिवहन कार्यालयात बदलाची रीतसर नोंद करावी. ट्रॅक्टरवर कर्ज असेल तर बँकेला किंवा सोसायटीलाही कळवावे. पुढे अपघात किंवा विक्रीच्या वेळी जुळत नसलेला क्रमांक फार महाग पडतो.

पूर जुलै-ऑगस्टमध्ये येतो, गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. मध्ये दोन-अडीच महिने हातात असतात. पाणी उतरले त्याच दिवशी नोझल काढून तेल घातले तर त्यातला आठवडा पुरतो. महिनाभर तसेच ठेवले तर अख्खा हंगामही पुरत नाही. आणि पाण्याचा इशारा आला की ट्रॅक्टर आधी उंचावर न्यावा, हे तर सर्वांत स्वस्त काम.

आम्हाला हे एक इंजिन गमावून कळले. आपणावर ती वेळ न यावी म्हणून लिहिले.

आपला,
ऊस विकास अधिकारी