डायनासोरच्या शेणात सापडले शब्द!

दोस्तांनो, एक कोडं घालू? कोट्यवधी वर्षांपूर्वी मरून गेलेला डायनासोर काय खायचा, हे आज कसं ओळखायचं?

त्याला विचारायची तर सोयच नाही!

हरलात? सांगतो. त्याचं शेण तपासायचं!

अहो, नाकं मुरडू नका. या शेणाला मुळीच वास येत नाही. त्याचा पार दगड झालाय! आणि तो बघायला परदेशात जायला नको. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या मातीत डायनासोरच्या काळातले हे शेणगोळे सापडतात. जगभरातले शास्त्रज्ञ पिसदुऱ्याचं नाव ओळखतात, बरं का!

अशा दगडाला इंग्रजीत म्हणतात कॉप्रोलाइट. बाप रे, केवढा शब्द! आता हा घोकत बसायचा?

मुळीच नाही. हा शब्द उघडायचा!

इंग्रजीतले कितीतरी लांबलचक शब्द जेवणाच्या खणांच्या डब्यासारखे असतात. बाहेरून एकच मोठा डबा. उघडला, की एका खणात भाजी, दुसऱ्यात भात. कॉप्रोलाइट उघडा बघू! पहिल्या खणात ‘कॉप्रो’, म्हणजे शेण. दुसऱ्या खणात ‘लाइट’. हा दिव्याचा लाइट नव्हे हं! हा आलाय ग्रीक भाषेतल्या ‘लिथॉस’वरून, म्हणजे दगड. शेण अधिक दगड. झाला शेणाचा दगड! विल्यम बकलंड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1829 साली हा शब्द तयार केला.

आता खरी गंमत ऐका. हा दगडाचा खण तुमच्या घरातही आहे. ओळखा कुठे?

मोबाइलच्या बॅटरीत! बॅटरीवर लिथियम हा शब्द वाचलाय ना? हा धातू 1817 साली एका खनिजात, म्हणजे दगडात सापडला. म्हणून त्याचं नाव ठेवलं लिथियम. कुठे डायनासोरचं शेण आणि कुठे मोबाइल! पण कॉप्रोलाइट आणि लिथियम या दोन्ही नावांत एकच दगड.

पुन्हा पिसदुऱ्याला जाऊ. शास्त्रज्ञांनी तिथले शेणगोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत काय दिसलं असेल? फायटोलिथ! घाबरलात? छे, उघडा की! ‘फायटो’ म्हणजे वनस्पती. आणि ‘लिथ’? शाबास, दगड! वनस्पती मुळांनी पाणी शोषतात. त्या पाण्याबरोबर सिलिका नावाचा पदार्थ आत जातो आणि पेशींमध्ये घट्ट होऊन बसतो. हेच ते इवलेसे वनस्पतीचे दगड. पान कुजून जातं, पण हे टिकतात. तेही कोट्यवधी वर्षं!

हे फायटोलिथ होते चक्क गवताचे! डायनासोरच्या काळात गवत उगवत होतं, याचा इतका पक्का पुरावा तोवर कुणाच्या हाती नव्हता. 2005 साली ही बातमी जाहीर झाली आणि शास्त्रज्ञ थक्क झाले. त्या गवतांत आपल्या भाताचे दूरचे नातेवाईकही होते! ब्रह्मपुरीपासून गडचिरोलीपर्यंत आज जिकडे तिकडे धानाची शेतं दिसतात. त्या धानाच्या पूर्वजांचे भाऊबंद डायनासोरच्या पोटात गेले होते, बोला!

आता चला गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याकडे. तिथे प्राणहिता नदी गोदावरीला मिळते. या नद्यांच्या खोऱ्यात 1961 साली एका डायनासोरच्या मांडीचं हाड मिळालं. लांबी सुमारे 1.7 मीटर! म्हणजे तुमच्या गुरुजींच्या उंचीएवढं नुसतं एक हाड! या प्राण्याचं नाव ठेवलं बारापासॉरस.

बारा पायांचा? नाही हो! उघडा डबा. इथला ‘बारा’ म्हणजे हिंदीतल्या ‘बडा’सारखाच, मोठा. बंगालीत पायाला ‘पा’ म्हणतात, मुलचेऱ्याच्या बंगाली मित्रांना विचारून बघा. आणि ग्रीकमधल्या ‘सॉरस’चा अर्थ पाल किंवा सरडा. म्हणजे हा मोठ्या पायाचा सरडा! आपल्याकडचे शब्दही इंग्रजीच्या डब्यात जाऊन बसतात ते असे. याच्या पूर्ण नावात रवींद्रनाथ टागोरसुद्धा आहेत, कारण 1961 हे त्यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. त्याचा सांगाडा आज कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे.

या संस्थेच्या नावाची आद्याक्षरं घ्या. आय, एस, आय. त्यांना सॉरस जोडा. काय झालं? आयसिसॉरस! हासुद्धा खराखुरा डायनासोर आहे आणि तो सापडला आपल्या चंद्रपूरच्या डोंगरगावात, पिसदुऱ्याच्याच परिसरात! एक खण कळला, तर दोन डायनासोर ओळखीचे झाले. आणि ‘डायनो’ म्हणजे भयंकर, हे कळलं की डायनासोर शब्दच उलगडतो. भयंकर सरडा!

पण सावध! थिसॉरस नावाचा शब्द दिसला तर पळू नका. तो डायनासोर नाही, ते पुस्तक आहे. एकाच अर्थाचे अनेक शब्द त्यात एकत्र दिलेले असतात. त्याचं नाव आलंय खजिना या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. खण ओळखीचा वाटला, तरी शब्दकोशात एकदा बघायचंच.

आता तुमची पाळी. हे पाच खण घ्या. ‘बायो’ म्हणजे जीव. ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश. ‘लॉजी’ म्हणजे शास्त्र. ‘ग्राफी’ म्हणजे लिहिणं किंवा रेखाटणं. करा जोड्या! बायोलॉजी म्हणजे जीवशास्त्र. जिओलॉजी म्हणजे भूशास्त्र. जिऑग्राफी, म्हणजे पृथ्वीचं वर्णन, आपला भूगोल. बायोग्राफी म्हणजे कुणाच्या जीवनाची लिहिलेली हकिगत, चरित्र. फोटोग्राफी म्हणजे प्रकाशाने चित्र काढणं. खण पाच, शब्दही पाच. पुढे ‘झू’ म्हणजे प्राणी हा आणखी एकच खण शिकलात, की झूऑलॉजी म्हणजे प्राणिशास्त्र हे लगेच कळेल. दर नव्या खणाबरोबर शब्द भराभर वाढतात!

तेव्हा आजच एक वही करा. रोज विज्ञानाच्या किंवा भूगोलाच्या पुस्तकातला एकच लांब इंग्रजी शब्द निवडा. शब्दकोशात बघून किंवा बाईंना विचारून त्याचे खण शोधा. प्रत्येक खणासमोर त्याचा मराठी अर्थ लिहा. घरी गोंडी, माडिया किंवा तेलुगू बोलत असाल, तर तो अर्थही लिहा. महिनाभराने मागची पानं चाळा. लांब शब्दांची भीती कुठल्या कुठे पळालेली असेल!