वाटणीत न आलेलं लोखंड

हळद शिजवून, वाळवून, ढोलात फिरवून पॉलिश झाली की हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातली रानं मोकळी होतात. तेव्हापासून मृगाच्या पावसापर्यंत ट्रक थेट शेतातल्या आखाड्यापर्यंत जातो. एकदा काळी माती भिजली की रिकामा टेम्पोसुद्धा बांधाशीच रुततो. आखाड्यावरचं भंगार हलवायचं ते याच दिवसांत. अशाच एका मे महिन्यात एका आखाड्यावर चार मित्र जमले. जागा त्यांच्यातल्या एकाची. दुसऱ्याचं गॅरेज, तिसरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि चौथा सुट्टी काढून पुण्याहून आलेला.

शेडमध्ये आणि शेडमागच्या बाभळींत काय काय होतं? एक डिझेल इंजिन, पंपासकट. पट्टे कुजलेलं मळणी यंत्र. कडबा कापायचं यंत्र, त्याचं एक पातं शाबूत. चाकं नसलेली ट्रॉली. महिंद्राचा बी-275 ट्रॅक्टर, ज्याच्या पुढच्या धुऱ्यातून बाभूळ वर आलेली. राजदूत मोटारसायकल, दुधाच्या कॅनसाठी केलेल्या लोखंडी अडकणींसह. बजाज टेम्पोची मॅटाडोर, दारं गेलेली. लोखंडी नांगर. जळालेल्या पाणबुडी मोटारी. आणि हळद शिजवायची भलीमोठी कढई, जिच्यात आता गुरं पाणी पीत होती.

या कढईचा काळ फार जुना नाही. कंद भरायचे, पाणी सोडायचं, वर हळदीचाच पाला झाकायचा आणि खाली लाकडांचा जाळ. आता वाफेवर चालणारे कुकर शेतापर्यंत येतात आणि तेच काम कमी लाकडात, कमी वेळात होतं. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हळदीच्या संशोधनाचं केंद्रही वसमतला उभं राहिलं. पीक पुढे गेलं. ज्या लोखंडावर ते वाढलं, ते मागे बांधावर राहिलं.

वाटणी होते तेव्हा जमीन गुंठ्यांत मोजली जाते. आंब्याची झाडं मोजली जातात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात, घरातली भांडी वाटली जातात. बंद पडलेलं इंजिन मात्र कोणी मागत नाही, आणि कोणी सोडतही नाही. एका भावाने ते विकायला काढलं की दुसऱ्याला त्यात आजोबा दिसतात. दुसऱ्याने उचललं की पहिल्याला पैसे दिसतात. म्हणून ते सामाईक राहतं आणि गंजतं. अशा कामाला मित्रच लागतात, कारण त्यांचा त्यात हिस्सा नसतो. काटा कोणी लावला, तांबं कुठे गेलं, हे त्यांना कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी शिक्षक मित्राच्या वहीत सगळं लिहिलेलं असतं.

त्या वहीची सुरुवात नांगरापासून झाली होती आणि ते योग्यच होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडली, बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं, मग कडबा कापायचं यंत्र आणि 1903 मध्ये लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असं शेतकरी समजत. पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं लागली. 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती आणि 1948 पर्यंत तिथेच राहिली. इथल्या विहिरींवर इंजिनं खऱ्या अर्थाने वाढली ती पुढे, विशेषतः 1972 च्या दुष्काळानंतर, जेव्हा विहीर खोल करणं आणि तिच्यावर इंजिन बसवणं हा जगण्याचा प्रश्न झाला. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी सगळ्यांच्या रानात पोचत नव्हतं. मोट सुटली, बैल सुटले, आणि भूविकास बँकेच्या कर्जातून इंजिन आलं.

या आखाड्यावरचं इंजिन किर्लोस्करचं एव्ही-1 होतं. एक सिलिंडर, पाच हॉर्सपॉवर, मिनिटाला 1500 फेरे. पिस्टनचा व्यास 80 मिलिमीटर, धाव 110 मिलिमीटर. हे आकडे देशभरातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना पाठ असतात, कारण करंजाच्या तेलापासून केलेलं बायोडिझेल असो की आणखी काही, प्रयोगशाळेत तपासायला अनेक ठिकाणी हेच इंजिन बसवलेलं असतं. शेतात इंजिनाला थंड ठेवायला विहिरीचंच पाणी पुरे. पंपाने वर आलेल्या पाण्यातली एक बारीक धार इंजिनाच्या अंगातून फिरवून पाटात सोडायची, एवढीच व्यवस्था. मराठवाड्याचं पाणी जड, त्यामुळे वर्षानुवर्षं आत क्षारांचा पांढरा थर धरत जातो आणि एक दिवस इंजिन तापायला लागतं. बरीचशी इंजिनं अशी गेली. झिजून कमी, क्षार धरून जास्त.

भंगारवाला आला तेव्हा त्याने इंजिनाकडे फक्त एकदा पाहिलं. “चालू असो की बंद, दादा, काटा एकच,” तो म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. त्याच्या धंद्यात तांबं सगळ्यात वर, मग पितळ, मग ॲल्युमिनियम, मग बीड आणि लोखंड, आणि शेवटी पत्रा. इंजिनाचा सांगाडा बिडाचा. त्यात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त, म्हणून ते ओतकाम करणाऱ्यांकडे वेगळं जातं. बाकीचं लोखंड जालन्याच्या भट्ट्यांत वितळून सळई होतं. नांगराचा फाळ कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसतो.

पण गॅरेजवाल्या मित्राने शेजारच्या गावातून एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावून ठेवलं होतं. सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी चहासुद्धा नंतर घेतला. “आधी फिरायलंय का बघा, मग किलोचं बोला,” म्हणत त्यांनी फ्लायव्हीलला दोन्ही हात लावले. ते हललं नाही. हेड खोलल्यावर कारण दिसलं. पिस्टन ज्या जागी थांबला होता, तिथे लायनरवर तपकिरी कडं धरलं होतं, आणि रिंगा त्यातच चिकटल्या होत्या. मामांनी डिझेल आणि रॉकेल एकत्र करून पिस्टनवर ओतलं, वर पत्रा झाकला आणि दुसऱ्या दिवसावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाभळीचा ठोकळा पिस्टनवर ठेवला. हातोडा ठोकळ्यावर, पिस्टनवर कधीच नाही. एक ठोका, मग थांबून चाकावर हात. परत एक ठोका. चाक अगदी केसभर सरकलं. मग पुढे-मागे, पुढे-मागे, गंजाचं पाणी लायनरवरून ओघळू लागलं आणि तासाभराने चाक मोकळं फिरलं. लायनर पॉलिश पेपरने पुसून घेतला, रिंगा सोडवल्या, हेड परत बसवलं. नंतर नोझल. पंपाला जोडून मामांनी ती हवेत धरली आणि हाताने पंप दाबला. चांगली नोझल डिझेलचा फवारा सोडताना कर्रर्र असा बारीक आवाज करते. वाईट असेल तर नुसती पिचकारी मारते. मामांनी डोळे मिटून तो आवाज ऐकला. हे ऐकणं कोणत्याही पुस्तिकेत लिहिता येत नाही, आणि ते ज्यांच्या कानात आहे अशी माणसं या जिल्ह्यात आता थोडी उरली आहेत. लोखंडापेक्षा ती माणसं लवकर संपतील, ही खरी चिंता आहे.

हँडल मारायला पुण्याचा मित्र पुढे झाला. मामांनी त्याचा हात धरला आणि अंगठा काढून चार बोटांच्याच बाजूला ठेवला. “अंगठा आडवा घालू नका. उलटं मारलं तर मनगट जातंय.” डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण सोळा-साडेसोळा पट दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. हाताने एवढा दाब फिरवता येत नाही, म्हणून आधी लिव्हर उचलून व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, चाकाला गती द्यायची आणि गती आली की लिव्हर सोडायची. पहिल्या वेळी नुसती ढेकर आली. दुसऱ्या वेळी पांढरा धूर. मग दोन काळे लोट निघाले आणि इंजिन लागलं. मामांनी बादलीतून पाणी सोडत ते थोडा वेळच चालवलं आणि बंद केलं. भंगारवाला ट्रकच्या सावलीत बसून बघत होता. तो उठून आला आणि त्याने इंजिन यादीतून कमी करायला सांगितलं.

इथवर सगळं माणसांच्या हातात होतं. पुढचं कागदाच्या हातात होतं.

इंजिनाला नोंदणी लागत नाही, पण त्याच्या कर्जाची नोंद सातबाऱ्यावर बसते. इंजिन गंजलं तरी बोजा राहतो. भूविकास बँकेच्या कर्जदारांसाठी 2022 मध्ये राज्य सरकारने 34,788 शेतकऱ्यांची सुमारे 964 कोटींची कर्जं माफ करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे अनेकांचा हा प्रश्न सुटला, तरी बोजा कमी केल्याचा फेरफार होईपर्यंत तलाठ्याकडे जावंच लागतं. या आखाड्याचा तो फेरफार झालेला होता. ट्रॅक्टरचं तसं नव्हतं.

महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत 1960 च्या दशकात बी-275 आणला. या आखाड्यावरचा ट्रॅक्टर मालकाच्या आजोबांच्या नावावर, नोंदणी परभणीची, कारण हिंगोली जिल्हा झाला तोच 1 मे 1999 ला. त्यानंतरच्या गाड्यांवर एमएच-38 दिसतं, आधीच्यांवर परभणीचं एमएच-22, आणि 1989 च्या आधीच्या गाड्यांवर त्याहून जुनी, तीन अक्षरांची मालिका. अशा गाडीची नोंद अनेकदा संगणकावर नसते. जुन्या रजिस्टरमधून काढून ती चढवून घ्यावी लागते. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने 14 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम 55 सांगतं. मालक वारले असतील तर आधी वारसांचं नाव चढायला हवं. वारस म्हणजे फक्त भाऊ नव्हेत. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला, आणि वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत तर त्या आधीपासून वारस होत्याच. म्हणजे आत्यांची संमती हवी. वाटणीच्या वेळी ज्यांना कोणी विचारलं नसेल, त्यांच्याकडे आता एका गंजक्या ट्रॅक्टरसाठी सही मागायला जायचं. हे अवघड जातं, आणि जायलाच हवं.

दहा वर्षांनंतर शेतीचे ट्रॅक्टर सक्तीने भंगारात काढणार, ही अफवा या भागातही फिरली होती. केंद्र सरकारने 2023 मध्ये ती चुकीची असल्याचं सांगितलं: ट्रॅक्टरची पहिली नोंदणी 15 वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. स्वखुशीने मोडीत काढायचा तर 2021 च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत केंद्रात द्यायचा. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नवं खासगी वाहन घेताना मोटार वाहन करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. नियम चांगले आहेत. पण बाभळीने धरलेला ट्रॅक्टर लांबच्या केंद्रापर्यंत न्यायचा खर्च लोखंडाच्या किमतीशी ताडून बघितला की लोक गावातच गॅस कटर बोलावतात. गाडी तुकडे होऊन जाते आणि नोंदणी जिवंत राहते. उद्या त्या नंबराची पाटी दुसऱ्याच गाडीवर लागली, तर पोलीस आजोबांच्याच पत्त्यावर येणार.

कटरचा धोका वेगळाच. डिझेलची भरलेली टाकी फारशी घातक नाही, रिकामी असते. आत वाफ साठलेली असते आणि ज्वाला लागली की ती फुटते. गॅरेजवाल्याने मॅटाडोरची आणि ट्रॅक्टरची टाकी आधी सोडवून पाण्याने भरून बाजूला ठेवली, बॅटऱ्या वेगळ्या काढल्या, आणि इंजिनांतलं काळं तेल जमिनीवर सांडू न देता कॅनमध्ये घेतलं, कारण विहीर तिथून हाकेच्या अंतरावर होती. हे सगळीकडे होत नाही. बहुतेक ठिकाणी ते तेल जमिनीत मुरतं.

ट्रकमध्ये शेवटी गेलं ते मळणी यंत्र, ट्रॉली, पाईप आणि मोटारी. तांब्याचे पैसे तीन भावांत तिथल्या तिथे वाटले आणि वहीवर सह्या घेतल्या. इंजिन मामांनी नेलं नाही, मालकाने आग्रह करूनही; ते गोठ्याच्या ओट्यावर बसवून दिलं आणि महिन्यातून एकदा फिरवायला सांगितलं. राजदूतची कागदपत्रं सापडली, ती गॅरेजवाल्याने नेली. मॅटाडोरचं नोंदणी पुस्तक मिळत नाही. चासीवरचा नंबर घासून वाचता आला, तो घेऊन शिक्षक मित्र परभणीला जुनं रजिस्टर बघायला जाणार आहे. मोठ्या आत्यांनी फोनवर होकार दिला. धाकट्या आत्या म्हणाल्या, आधी घरी या, जेवा, मग बोलू.