वारा आडवा आला तर

मागच्या बैठकीत एक ताई सांगत होत्या. मुलगा दुबईहून येत होता. मुंबईला चाकं टेकणार तेवढ्यात विमान पुन्हा वर गेलं. आतली माणसं रडायला लागली. “पायलट नवशिका असेल गं,” ताई म्हणाल्या. आम्हालाही तसंच वाटलं. मग जरा माहिती काढली.

उतरताना विमानाला समोरचा वारा हवा असतो. म्हणून धावपट्टी शक्यतो नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेनं बांधतात. पण वारा कुणाचं ऐकतो? तो कुशीतून आला की विमान बाजूला सरकतं. नदी ओलांडताना नावाडी काय करतो? नावेचं तोंड धारेच्या वरच्या अंगाला धरतो, तेव्हा कुठे नाव समोरच्या घाटाला लागते. पायलटही तोंड वाऱ्याकडे वळवून खेकड्यासारखा तिरका खाली येतो. पण तिरकी चाकं टेकली तर टायरवर आणि चाकांच्या दांड्यांवर जबर ताण येतो. म्हणून अगदी शेवटी तोंड सरळ करायचं आणि वाऱ्याकडचा पंख दाबून धरायचा, नाहीतर वारा तोच उचलतो. हे सगळं काही सेकंदांत. त्यातच एखादा झोत आला की संपलंच!

जर्मनीत हॅम्बुर्गला 1 मार्च 2008 रोजी असंच झालं. एमा नावाचं वादळ होतं. वारा ताशी 60 किलोमीटरच्या वर, झोत 85 च्या पुढे, तोही उजवीकडून. लुफ्तान्साच्या विमानात 132 प्रवासी. चाक टेकलं, विमान उसळलं, उजवा पंख वर गेला आणि डाव्या पंखाचं टोक धावपट्टीला घासलं. वैमानिकांनी विमान तसंच वर नेलं. कुणाला ओरखडाही आला नाही.

त्या वेळी विमान 24 वर्षांची सहवैमानिक चालवत होती. हे ऐकल्यावर आमच्याच गटात कुणीतरी पटकन म्हणालं, “तरीच!” आम्हीही हसलो, खोटं कशाला बोलायचं?

पण चौकशीत निघालं ते वेगळंच. एक चाक टेकताच विमानाच्या संगणकानं धरलं की आपण जमिनीवर आलो, आणि पंख सावरण्याची ताकद निम्मी केली. वैमानिकांच्या पुस्तकात हे लिहिलेलंच नव्हतं. शिवाय किती आडव्या वाऱ्यापर्यंत उतरावं, तो आकडा सक्तीचा की नुसता अंदाजाचा, यावर पायलटांचंच एकमत नव्हतं.

थोड्या वेळानं तेच विमान दुसऱ्या धावपट्टीवर उतरवलं. तिथे वारा बराचसा समोरून येत होता.

ताईंना हे सांगितलं. विमान परत वर नेणं हे पायलटला शिकवलेलंच असतं, तेही सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “पोराला फोन करते. कमरेचा पट्टा आवळून बस म्हणावं.”