कुलूपबंद खतावणी

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जळगावच्या दाणा बाजारात आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर आजही लाल कापडाच्या वह्या पाटावर मांडल्या जातात. पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढले जाते, 'श्री' लिहिले जाते, 'शुभ-लाभ' उमटतात. तथापि वर्षभराचा खरा हिशेब आता त्या वहीत नसतो. रोजमेळ, खतावणी, शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या, मालसाठा, उधारी आणि जीएसटीची विवरणपत्रे हे सारे पेढीच्या कोपऱ्यातील संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये साठवलेले असते. जुन्या वहीला वाळवी, पाणी आणि आग यांचे भय होते. नव्या वहीला आणखी एक भय चिकटले आहे. हजारो कोसांवर बसलेला अनोळखी माणूस तिला कुलूप लावू शकतो.

समजा, एके सकाळी मुनीमजींनी संगणक सुरू केला आणि नेहमीच्या चित्राऐवजी पडद्यावर इंग्रजी मजकूर आला : तुमच्या फायली बंद केल्या आहेत, अमुक रक्कम बिटकॉइनमध्ये भरा, म्हणजे किल्ली मिळेल. चोरी दिसत नाही, मोडतोड दिसत नाही, डिस्क जागेवर आहे, पण तिच्यातील एक ओळही वाचता येत नाही. बाहेर माल भरलेली गाडी बिलासाठी उभी आहे आणि कोणाकडून किती येणे आहे, हे सांगणारा कागद पेढीवर नाही. या विषाणूला रॅन्समवेअर म्हणतात. सरळ मराठीत, संगणकावरची खंडणी.

ही खंडणी नवी नाही. १९८९ साली एड्सविषयी माहितीच्या नावाखाली सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने जगभर पाठवण्यात आल्या. त्यांतील विषाणू ठरावीक वेळा संगणक सुरू झाल्यावर फायलींची नावे अवाचनीय करी आणि पनामातील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवण्यास सांगे. पुढे इंटरनेट आले, बिटकॉइन आले आणि खंडणीखोराला पत्ता देण्याचीही गरज उरली नाही.

महाराष्ट्राला त्याचा मोठा धक्का बसला तो २७ जून २०१७ रोजी. त्या दिवशी 'नॉटपेट्या' नावाचा विषाणू युक्रेनमधून जगभर पसरला. त्याचा शिरकाव कशातून झाला, हे प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावे असे आहे. तेथील असंख्य उद्योग हिशेब आणि करभरणीसाठी एकच सॉफ्टवेअर वापरत. हल्लेखोरांनी त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच विषाणू पेरला. मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे त्यात सापडले आणि तिच्या समूहाकडून चालवले जाणारे, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनल ठप्प झाले. कंटेनरची नोंद हाताने करण्याची वेळ आली. रावेर-यावलची केळी परदेशी जातात ती याच बंदरातून. युक्रेनमधील हिशेबाच्या संगणकात शिरलेला विषाणू खानदेशच्या मालवाटेपर्यंत कसा येऊन ठेपतो, हे तेव्हा दिसले.

नॉटपेट्या फायलींना कुलूप लावीच, शिवाय हार्ड डिस्कची अनुक्रमणिकाही नष्ट करी. कोणती फाईल डिस्कवर कोठे आहे, हे सांगणारी एक मुख्य नोंद असते. तीच गेली की सारी डिस्क बंद. वर ३०० डॉलरची मागणी होती, परंतु ती केवळ देखावा ठरली. विषाणूची रचनाच अशी होती की, पैसे भरले तरी किल्ली मिळणे शक्य नव्हते.

मर्स्कने दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारले. हे शक्य झाले ते एका योगायोगामुळे. जाळ्याची मूळ नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर पुसले गेले होते. घानामधील एक मात्र हल्ल्याच्या वेळी वीज गेल्याने बंद होता, म्हणून वाचला. एवढ्या बलाढ्य कंपनीचे पुनरुज्जीवन जाळ्यापासून तुटलेल्या एका प्रतीवर अवलंबून राहिले.

त्यानंतरही असे प्रसंग थांबले नाहीत. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणक यंत्रणेवर असाच हल्ला झाला. जळगाव व धुळे येथील औद्योगिक वसाहती याच महामंडळाच्या आहेत. ३१ जुलै २०२४ रोजी लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवरील हल्ल्यामुळे राष्ट्रीय देयक महामंडळाला तिचा संबंध तात्पुरता तोडावा लागला. देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार अडले आणि दुसऱ्या दिवशी सुरळीत झाले. ग्राहकाची चूक नव्हती, त्रास मात्र त्याला झाला.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. विषाणू काढणे आणि कुलूप उघडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. काही साधे विषाणू केवळ पडदा अडवतात. स्वच्छ पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून तपासणी केली की ते निघतात आणि फायली सुखरूप असतात. परंतु फायलींचे सांकेतिकीकरण झाले असेल, तर अँटिव्हायरस चोराला बाहेर काढतो, त्याने लावलेले कुलूप तसेच राहते.

म्हणून पहिल्या तासात घाई करू नये. प्रथम नेटवर्कची वायर काढावी, वाय-फाय बंद करावे, म्हणजे शेजारचे संगणक वाचतात. बॅकअपची डिस्क त्या संगणकाला मुळीच जोडू नये. पडद्यावरील मजकुराचे मोबाइलने छायाचित्र घ्यावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर वा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. बँक खात्यातून पैसे गेल्याचा संशय असल्यास तत्काळ १९३० वर कळवावे. कंपन्यांनी अशी घटना सहा तासांच्या आत 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेला कळवावी, असा एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. डिस्क लगेच फॉरमॅट करू नये. युरोपोल, डच पोलीस आणि संगणक सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमात अनेक विषाणूंच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात. आज नसलेली किल्ली उद्या सापडू शकते, म्हणून बंद डिस्क जपून ठेवावी आणि काम नव्या डिस्कवर सुरू करावे. सर्व पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून बदलावेत.

खंडणी भरावी काय? व्यापारी भाषेत सांगायचे तर, न पाहिलेल्या माणसाच्या शब्दावर, तारण न घेता दिलेली ही रक्कम आहे. किल्ली मिळेलच याची हमी नाही. मिळाली तरी त्या पैशातून पुढच्या पेढीवर घाला पडणार, हे निश्चित.

खरा उपाय आधीचा आहे. सॉफ्टवेअर अधिकृत असावे, विंडोजचे अपडेट टाळू नये. बाहेरून संगणक चालवण्याची सोय लेखापालाला दिली असेल, तर पासवर्ड कठीण असावा आणि काम झाल्यावर ती सोय बंद करावी. अनोळखी ई-मेलमधील 'बिल' उघडू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत पेढीबाहेर असावी. सदैव संगणकाला जोडलेली डिस्क ही बॅकअप नव्हे. विषाणू तिलाही कुलूप लावतो. दर महिन्यास एकदा त्या प्रतीतून खतावणी उघडून पाहावी. न तपासलेला बॅकअप हा न वटवलेल्या धनादेशासारखा असतो. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात आणि संगणकीय नोंदींचा योग्य बॅकअप ठेवणे नियमानेच बंधनकारक आहे. तेव्हा ही केवळ सोय नव्हे, कर्तव्यही आहे.

हा विचार जैन समाजाला परका नाही. आपल्या पूर्वजांनी ग्रंथांच्या हस्तलिखित प्रती करवून त्या गावोगावच्या भांडारांत ठेवल्या. पाटण आणि जैसलमेर येथील ज्ञानभांडारे आजही त्याची साक्ष देतात. एका ठिकाणी आग लागली वा आक्रमण आले, तरी दुसरीकडची प्रत राहावी, ही त्यामागची दूरदृष्टी. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या दिवशी, ग्रंथ बाहेर काढून झटकले जातात, त्यांची वेष्टने बदलली जातात. हीच व्यापाऱ्यांची लाभपंचमी. दुकान पुन्हा उघडण्याच्या त्या सकाळी खतावणीची एक ताजी प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती घरच्या कपाटात ठेवली, आणि पुढे दर शनिवारी तेच केले, तर एखाद्या सकाळी पडद्यावर तो इंग्रजी मजकूर दिसलाच तरी पेढी उभी राहील. मुनीमजी घरची डिस्क आणतील, नव्या संगणकावर हिशेब उघडतील आणि बाहेर उभ्या असलेल्या गाडीचे बिल निघेल.