वाकलेला रॉड ठोकून सरळ करू नका



भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या पाटपाण्यावर प्रवराकाठी ऊस वाढला, तशी जादा पाण्याने काही रानं चोपणही झाली. अशा रानात पावसाळ्याआधी चर निघालेच पाहिजेत. नेमका तेव्हाच ट्रॅक्टरचा बॅकहो अडून बसतो.

आम्ही पाहिलेल्या एका बॅकहोच्या जॅकमधून ऑईल गळत होते. दोनदा सील बदलले, गळती तशीच! मग रॉडला चारी बाजूंनी स्टीलची पट्टी लावली, तर एका बाजूला फटीतून उजेड दिसला. रॉड वाकला होता. तो पूर्ण बाहेर असताना बकेटने दगड उचकटल्याचे हे फळ.

तापवून ठोकलेला रॉड पुन्हा वाकतो आणि क्रोम उडून नवे सीलही खातो. तेव्हा रॉड, नाहीतर अख्खा जॅक बदलावा. बोअर, स्ट्रोक आणि पिनेपासून पिनेपर्यंतचे माप जुळवा. झिजलेले पिन-बुशही बदला.

खोलण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर हलवून दाब सोडा. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाचे ऑईल कातडीत घुसले तर हात जायचा. नवा जॅक सावकाश चार-पाच वेळा पुढे-मागे करून हवा काढा, ऑईलची पातळी पाहा.

पट्टी लावायला दोन मिनिटे लागतात. चर राहिला तर ऊस पाण्यात उभा राहतो.