चार मतं आणि एक यादी

मतदान होतं केंद्रात, पण निवडणूक लढवली जाते ती केंद्रापासून शंभर मीटरच्या रेषेबाहेर टाकलेल्या टेबलांवर. 15 जानेवारी 2026 ला, महापालिकेच्या मतदानादिवशी, सकाळी साडेसातच्या आतच ठाण्यातल्या कोलशेतमध्ये अशी टेबलं लागली होती. याद्यांचे गठ्ठे, पट्टी, लाल पेन, चहाचा थर्मास. मत देऊन आलो आणि त्यातल्याच एका टेबलाशी खुर्ची ओढून बसलो.

मार्च 2022 पासून ठाण्याला नगरसेवकच नव्हते. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना कोर्टात अडकली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये निवडणुका घ्या असं बजावलं, तेव्हा कुठे तारखेची चिन्हं दिसू लागली. 33 प्रभाग, 131 जागा, त्यातल्या 66 महिलांसाठी. एक प्रभाग तिघांचा, बाकी सगळे चौघांचे. त्यामुळे मतदाराने चार मतं द्यायची: अ, ब, क, ड. मुलुंड चेकनाका ओलांडला की मुंबईत 227 प्रभाग आणि प्रत्येकी एकच नगरसेवक. चारचं पॅनल पक्षांच्या सोयीचं आहे, मतदाराच्या नाही, हे माझं मत सकाळी होतं तेच संध्याकाळीही राहिलं.

टेबल सांभाळणारा पोरगा कोलशेत गावातलाच, तिशीचा. त्याचं सगळं लक्ष यादीवर. महापालिकेची यादी वेगळी बनत नाही. विधानसभेचीच, 1 जुलै 2025 ची यादी प्रभागवार फोडतात. या फोडाफोडीत नवरा एका केंद्रावर आणि बायको दुसऱ्या केंद्रावर जाते, आणि मग दोघं टेबलाशी येऊन एकमेकांवरच वैतागतात. त्यात यादी आडनावाच्या क्रमाने नसते, त्यामुळे कागदावर नाव शोधणं म्हणजे वैताग. म्हणून सगळ्यांच्या हातात मोबाइल अ‍ॅप. पण गावातलं माणूस आलं की याचा मोबाइल खिशातच राहायचा. एक आजी आल्या, ‘बाला, माजा नाव बघ रं’. त्याने पानं उलटली, पट्टी बरोबर त्यांच्या ओळीवर टेकवली, चिठ्ठीवर यादी भाग आणि अनुक्रमांक लिहून दिला. आडनावही विचारलं नाही.

टॉवरवाल्यांच्या बाबतीत हे जमत नाही. क्लॅरियंटच्या जागेवर लोढा आमारा उभं राहिलं, बायरच्या जागेवर कल्पतरूची पार्कसिटी. कारखान्यांच्या जमिनीवर आता देशभरातून आलेली कुटुंबं राहतात. त्यांची नावं देवनागरी यादीत उतरताना पार बदलून जातात. एक बंगाली गृहस्थ पाचव्यांदा आडनाव सांगत होते, अ‍ॅप काही केल्या मानेना. पोराने शांतपणे विचारलं, ‘काका, वय सांगा, आणि वडिलांचं नाव.’ दोन्ही टाकल्यावर नाव सापडलं. आडनावातली दोन अक्षरं गायब होती. नावापुढे दोन तारे असले, म्हणजे दुबार असल्याचा संशय, तर आत ‘मी एकाच ठिकाणी मत देणार’ असं लिहून द्यावं लागतं. हेही तो आधीच सांगून ठेवत होता.

आत वेगळीच गंमत. अ ची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची पिवळसर, ड ची निळसर. एक बटण दाबून निघालेल्यांना अधिकारी परत बोलवत होते; चारही मतं पडल्याशिवाय लांब बीप वाजत नाही. कुणी नको असेल तर त्या त्या गटात नोटा आहेच. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी मात्र इथे नसते. बोटाला मार्करची शाई. ती पुसली जाते की नाही, यावर बाहेर दिवसभर वाद रंगला.

दुपारी दोननंतर यादीला खरी किंमत आली. आलेल्यांची नावं लाल पेनाने कट झाली होती, उरलेल्यांना फोन सुरू झाले. गावात कुणी तरी सायकलवरून निरोप घेऊन जातं. टॉवरच्या गेटवर सिक्युरिटी अडवते, मग सेक्रेटरींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा धावा करायचा. एका सेक्रेटरीबाईंनी आधी विचारलं, ‘पाण्याचा दाब कमी येतो, चौघांपैकी नेमकं कुणाला सांगायचं?’ ठाण्याचं रोजचं 585 दशलक्ष लिटर पाणी स्वतःच्या योजनेतून, स्टेम कंपनीकडून, एमआयडीसीकडून आणि मुंबई महापालिकेकडून असं चार ठिकाणांहून येतं, त्यामुळे प्रश्न दोन्ही बाजूंनी चारचाच होता. पोरगा म्हणाला, ‘ताई, मलाच फोन करा.’

गेल्या चार वर्षांतही लोक त्यालाच फोन करत होते, हे त्याने सहज सांगितलं. नगरसेवक नसताना तुंबलेलं गटार, बंद पथदिवा, दाखल्याची सही, सगळ्यासाठी माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीच्या खेपा त्यानेच मारल्या. तिकिटासाठी त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. त्याबद्दल तो काही बोलला नाही, मीही खोदून विचारलं नाही.

साडेपाचला गेट बंद झालं. रांगेत उभ्या असलेल्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत अधिकारी पुढे आले. बाहेर टेबलं मोडली. इतरांनी याद्या तिथेच टाकल्या. याने आपला गठ्ठा दोरीने बांधून स्कूटीच्या डिकीत ठेवला. समासात दिवसभर टिपून घेतलेले फ्लॅट नंबर आणि मोबाइल नंबर होते.